कप्तानांचा तोल

कप्तानांचा चालताना तोल जातो ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात आली ती इमारतीच्या सेक्रेटरींच्या. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली असती तर ते आजारपण ठरलं असतं. सेक्रेटरींच्या लक्षात आली, म्हणून ती भानगड ठरली.

कप्तान सकाळी भर उजेडात पाव आणि दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होते. वळणावर ते थांबले, भिंतीला हात लावला, एक पाय कारण नसताना लांब बाजूला टाकला आणि मग जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे निघाले. वरून सेक्रेटरी उतरत होते. त्यांनी आधी कप्तानांकडे पाहिलं, मग पिशवीकडे. पिशवीत दूधच होतं, पण संशय घेणाऱ्याला दुधाची काय अडचण?

"बरं आहे ना, कप्तान?"

"उत्तम," असं म्हणून कप्तान शेजारच्याच्या दारावर हलकेच आपटले.

हे कप्तान म्हणजे कुठल्या मोठ्या जहाजाचे कप्तान नव्हेत. नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या रुंद पात्रात या काठावरून त्या काठाला माणसं नेणारी जी फेरीबोट होती, तिचं सुकाणू त्यांच्या हातात असे. सकाळी नोकरदार, दुपारी भाजीवाले, संध्याकाळी पुन्हा तेच नोकरदार पण वैतागलेले. मग पूल झाला. पुलाच्या उद्घाटनाला कप्तानांना पहिल्या रांगेत बसवून त्यांना एक टेबललॅम्प दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून बोट बंद. टेबललॅम्प ठेवायला घरात टेबल नव्हतं हा भाग वेगळा.

तेव्हापासून जमीन त्यांच्याशी नीट वागत नव्हती.

कप्तानीणबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांना आधी डॉक्टरांकडे नेलं. (बाईंचं खरं नाव काय हे इमारतीत कुणालाच आठवत नव्हतं. कप्तानांच्या म्हणून त्या कप्तानीणबाई, यात सगळ्यांची सोय होती.) डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली, डोळ्यांपुढे बोट फिरवलं, दाब पाहिला, गुडघ्यावर हातोडी आपटली. सगळं जिथल्या तिथे निघालं. डॉक्टर जरा हिरमुसलेच.

"काही नाही, वय झालंय," ते म्हणाले.

"वय मला बोटीवरही होतं," कप्तान म्हणाले. "तेव्हा मी सरळ चालत होतो."

यावर डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती घेतल्यावर कप्तानांना इतकी झोप येई की तोल जाण्याइतके ते उभेच राहत नसत. हाही एक उपाय म्हणता येईल, पण कप्तानीणबाईंना तो पटला नाही.

आणि मग समोरच्या वहिनी प्रकरणात उतरल्या.

समोरच्या वहिनी बालवाडी चालवत. त्यामुळे समोरच्याला काही कळत नाही हे गृहीत धरूनच त्या बोलायला सुरुवात करत. त्यांनी कप्तानांची जीभ बाहेर काढायला लावली, नखं बघितली, आणि निदान सांगितलं. "भाऊजी, तुमच्या शरीराचा समतोल बिघडलाय."

"वहिनी, माझा तोल जातो. समतोल नाही."

"एकच ते. आत बिघडलं की बाहेर जातो. तुमच्या आत उष्णता वर चढलीये आणि थंडावा खाली बसलाय."

"अहो, पण पाय तर..."

"जीभ आत घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून समतोल सुरू झाला. उठल्याबरोबर धने, जिरे आणि बडीशेप रात्रभर भिजवलेलं पाणी. न्याहारीनंतर ज्येष्ठमध. दुपारी पुदिना आणि लिंबू, कारण दुपारी उष्णता वर चढते. संध्याकाळी गवती चहा, कारण संध्याकाळी थंडावा खाली बसतो. झोपताना ओव्याचा काढा, कारण वहिनींकडे ओवा उरला होता.

बातमी जिन्यातून खालीवर गेली आणि ज्याच्या त्याच्याकडून एकेक भांडं येऊ लागलं. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर गव्हाच्या कोवळ्या पातीचा हिरवागार रस घेऊन आले, तो संपेपर्यंत समोर उभे राहिले, आणि ग्लास धुऊन परत नेला. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मेथीचं पाणी सांगितलं. मेथी उष्ण की थंड यावर त्यांचं आणि वहिनींचं जिन्यात जे वाजलं त्यात शेवटी असं ठरलं, की कप्तानांनी दोन्ही बाजूंचं थोडं थोडं घ्यावं. समतोल म्हणतात तो हाच असावा.

इतकं पाणी पोटात गेल्यावर माणसाचं बाहेरच्या जगात काय होतं, याचा विचार सल्ला देणारे कधीच करत नाहीत. बँकेच्या रांगेत कप्तान या पायावरून त्या पायावर होत. निम्मं ते जमिनीमुळे होतं आणि निम्मं बडीशेपेमुळे. त्यांचा नंबर खिडकीपाशी आला की नेमकं त्यांना दुसरीकडेच जावं लागे. परत येईपर्यंत रांग लांबलेली. ज्या माणसाच्या बोटीच्या शिट्टीवर सगळा काठ घड्याळं लावायचा, तो बँकेच्या शिपायाला खालच्या आवाजात 'ते कुठे आहे हो' विचारत होता.

तोल होता तसाच होता. उलट वाढला म्हणा. पण वहिनी म्हणाल्या, आधी वाढतो, मग जातो. हे वाक्य एकदा उच्चारलं की कुठलंही औषध खोटं ठरवता येत नाही.

बाजारातली पानं शिळी असतात असा शोध मध्येच लागला, म्हणून कप्तानांनी बाल्कनीत कुंड्या मांडल्या. पुदिना, गवती चहा, आणि एका कुंडीत काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण तिचाही काढा झाला. कुंड्यांचं पाणी गळत गळत खालच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यांवर पडलं. खालची बाल्कनी सेक्रेटरींची. त्यांनी लेखी नोटीस दिली. कप्तानांनी कुंड्या आत घेतल्या. नोटिशीत 'सदर इसमाच्या सवयींबाबत स्वतंत्रपणे विचार केला जाईल' असं एक वाक्य होतं. कप्तानांना वाटलं, सवय म्हणजे पुदिन्याची.

इथपर्यंतही सगळं निभावलं असतं. पण वहिनींनी कुठेतरी आंबवलेल्या आल्याबद्दल वाचलं.

"चक्कर, घेरी, तोल, सगळ्यावर आलं," त्या म्हणाल्या. "पण साधं नाही. आलं, साखर, लिंबू पाण्यात घालून बाटल्यांत घट्ट बंद करायचं आणि उबेला ठेवायचं. जिवंत पेय असतं ते, भाऊजी. जिवंत!"

घट्ट बंद होणाऱ्या जाड काचेच्या बाटल्या साध्या घरात कुठून असणार? कप्तान भंगारवाल्याकडे गेले. त्याने हवी तशी एक गोणी भरून दिली. जाड काच, उत्तम बुचं, बिअरच्या सगळ्या. ती खुळखुळणारी गोणी खांद्यावर टाकून, भिंत धरत, मधूनच एक पाय बाजूला टाकत कप्तान भर दुपारी जिना चढले. प्रत्येक मजल्यावरचं दार किंचित उघडलं आणि हळूच बंद झालं.

त्या आठवड्यात कप्तानांना जाणवलं की लोक आपल्याशी फार गोड बोलायला लागले आहेत. हेडमास्तरांनी तर पाठीवर हात ठेवून "उशीर कधीच झालेला नसतो" असं सांगितलं. कप्तानांनी घड्याळ पाहिलं.

मग एका रविवारी सेक्रेटरी आणि हेडमास्तर दोघंही बाहेरच्या खोलीत येऊन बसले. कप्तानीणबाईंनी चहा ठेवला. हेडमास्तरांनी घसा खाकरला.

"कप्तान, निवृत्तीनंतर माणसाच्या आयुष्यात एक पोकळी निर्माण होते. ती कशाने भरायची हा ज्याच्या त्याच्या..."

तेवढ्यात आतल्या खोलीत कपाटामध्ये पहिली बाटली फुटली.

सेक्रेटरी उठून उभे राहिले. दुसरी फुटली, ते खाली बसले. त्यानंतर मात्र मोजायची सोय राहिली नाही. एकीने दुसरीला जागं करावं तशा त्या फुटत गेल्या. कपाटाचं दार उघडून फेसाची एक लाट थेट बाहेरच्या खोलीपर्यंत आली. हेडमास्तरांनी पाय वर घेतले आणि पोकळीचा विषय तिथेच सोडला. घरभर आंबट, गोड, तिखट वास पसरला, आणि त्या वासाला निष्पाप म्हणणं कप्तानीणबाईंनाही जड गेलं असतं.

"आलं आहे ते," कप्तान म्हणाले.

"काय आलं आहे?" सेक्रेटरींनी टेबलाअभावी खुर्चीखालून विचारलं.

अबकारी खात्याला कुणी कळवलं हे कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा इन्स्पेक्टर आला तेव्हा सेक्रेटरी त्याला मजला दाखवायला सोबत होते, यावरून ज्याने त्याने काय ते समजावं. इन्स्पेक्टर पोटाच्या तक्रारीने पिचलेला, उदास चेहऱ्याचा माणूस होता. त्याने उरलेली बाटली उघडली, हुंगली, चमचाभर चाखली आणि कागद काढला.

"दारू म्हणावी तर दारू नाही," तो म्हणाला. "औषध म्हणावं तर परवाना नाही. सरबत म्हणावं तर स्फोट होत नाही सरबताचा. आमच्याकडे तीनच रकाने आहेत."

"मग आता?" कप्तानीणबाईंनी विचारलं.

"आता माणूस बघावा लागेल." त्याने पोटावर हात फिरवला. "ताई, जळजळीवर काही आहे का हो घरात?"

घरात दुसरं होतं काय? बाईंनी त्याला बडीशेपेचं पाणी दिलं. ते पिऊन त्याला एक मोठा ढेकर आला, चेहऱ्यावर जरा रंग आला, आणि त्याच ताज्या उत्साहाने त्याने खिशातून खडू काढून बाहेर मोकळ्या जागेत, जिन्यापाशी, फरशीवर एक सरळ रेघ मारली.

"या रेघेवरून तेवढं चालून दाखवा, साहेब. चाललात की मी गेलो."

सगळी दारं उघडी होती. समोरच्या वहिनी होत्या, शिवणकामवाल्या बाई गळ्यात टेप घालून आल्या होत्या, हेडमास्तर दोन जिने चढून आले होते. कप्तानांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. उभ्या जन्मात त्यांनी दारूला हात लावला नव्हता. बोट चालवणाऱ्याने प्यायची नाही, एवढं साधं ते होतं, त्यात मोठेपणा काही नव्हता. त्यांनी रेघेवर पाऊल ठेवलं.

पहिलं पाऊल बरं पडलं. दुसऱ्याला गुडघा आपोआप वाकला. तिसरं रेघेच्या हातभर बाहेर गेलं, आणि चौथ्याला त्यांनी जिन्याचा कठडा धरला.

कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"साहेब," कप्तानीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्या जिन्यात आजवर कुणी इतका मोठा ऐकला नव्हता. "यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. यांना जमिनीची सवय नाही, म्हणून पडतात."

इन्स्पेक्टर लिहायला वाकला होता, तो थांबला. "जमिनीची सवय नाही," त्याने हळू पुटपुटून पाहिलं. "हे कशात घालू?" शेवटी त्याने उरलेली बाटली जप्त केली, बडीशेपेचं प्रमाण विचारून घेतलं आणि निघून गेला. प्रकरण अजून त्या खात्यात कुठेतरी पडून असावं.

त्यानंतर कप्तान घराबाहेर पडेनासे झाले. काढे बंद केले. वहिनींनी दाराबाहेर ठेवलेली किटली तशीच परत गेली. ते बाल्कनीत बसून असत. तिथून नदी दिसत नसे, नुसती पुलाची कमान दिसे आणि तिच्यावरून भराभर जाणाऱ्या गाड्यांची टपं.

एके संध्याकाळी बाई शेजारी येऊन बसल्या. "अहो, खरं सांगा. नक्की काय होतं? चक्कर येते? डोळ्यांपुढे फिरतं?"

"फिरत नाही," कप्तान म्हणाले. "फिरत नाही हेच तर. अगं, पाऊल टाकलं की पायाला वाटतं आता खालून लाट उचलेल. म्हणून गुडघा आधीच वाकतो. आणि खाली काहीच नसतं. जिना उतरताना एक पायरी जास्त मोजावी ना, तसं. दर पावलाला. सकाळी उठल्यापासून पाय तिची वाट बघतात, आणि ती काही येत नाही."

बाईंना वाटलं, एखादी दुसरी बाई असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सगळं गाव ज्या बोटीने गेलं आलं, त्या बोटीवर कप्तानीणबाई लग्नानंतर एकदाच चढल्या होत्या. मधल्या पात्रात पोचेपर्यंत त्यांना इतकं मळमळलं, की नवऱ्याच्या पांढऱ्या गणवेशावर जे व्हायचं ते झालं, सगळ्या उतारूंसमोर. त्यानंतर त्या पाण्यावर गेल्या नाहीत. पलीकडे माहेर असूनही त्या उभा जन्म बसने, लांबच्या वळशाने गेल्या. नवरा दिवसभर जिथे असतो ती जागा त्यांनी कधी पाहिलीच नव्हती म्हणा ना. याचं त्यांना कधी काही वाटलंही नव्हतं. त्या संध्याकाळी वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच बंदराच्या कचेरीत गेल्या. बोट जुन्या धक्क्याला बांधून ठेवली होती, तोडणाऱ्याला विकायची म्हणून. तिच्यावर चढायला परवानगी लागणार होती.

"कोण चढणार?" कारकुनाने विचारलं.

"माझे यजमान."

"कारण?"

"त्यांना थोडा वेळ उभं राहायचंय."

"बाई, उभं कुठेही राहता येतं."

"त्यांना नाही येत," बाई म्हणाल्या. आणि कचेरी बंद होईपर्यंत तिथल्या बाकावरून उठल्या नाहीत. शेवटी कारकुनाने 'पाहणी' असं कारण घालून शिक्का मारला. कशाची पाहणी, हे त्यानेही विचारलं नाही.

बोटीकडे निघताना बाईंनी आल्याचा काढा करून थर्मासमध्ये भरला. साधा, न आंबवलेला. कप्तान म्हणाले, "मी पिणार नाही."

"तुम्हाला कोण देतंय? माझ्यासाठी आहे."

धक्क्यावर बोटीचा जुना इंजिनवाला राखणीला होता. त्याने कप्तानांना पाहून सलाम ठोकला, आणि बाईंना पाहून घाईघाईने बादली शोधायला गेला. ती गणवेशाची गोष्ट बोटीवरच्या सगळ्यांना माहीत होती.

कप्तानांनी फळीवर पाय ठेवला. भिंत नव्हती, कठडा नव्हता, अरुंद हलती फळी होती. ते तिच्यावरून घरच्या उंबऱ्यातून आत जावं तसे गेले. डेकवर लाकडी फळ्यांच्या सरळ रेघा होत्या, टोकापासून टोकापर्यंत. कप्तान त्यातल्या एकीवरून चालत गेले, वळले, परत आले. एकही पाऊल बाहेर पडलं नाही. मग ते सुकाणूपाशी जाऊन उभे राहिले, हात नुसता ठेवून, कारण दोरखंडाने बांधलेल्या बोटीला वळवायचं कुठे?

बाई खांब धरून सगळं बघत होत्या. नवरा इतका उंच आहे हे त्यांना आधी माहीत नव्हतं. त्यांनी काढ्याचा घोट घेतला, दुसरा घेतला. मालाची एक मोठी बोट पात्रातून गेली, तिचं पाणी येऊन धक्क्यावर आपटलं आणि सगळं डेक उचललं गेलं. बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा कप्तान शेजारी होते आणि त्यांचा हात बाईंच्या पाठीशी होता.

"बादली आणू?"

"नको. आल्याने दम धरलाय." त्या थांबून म्हणाल्या, "इथून गाव वेगळंच दिसतं हो."

"दिसतं," कप्तान म्हणाले. "मी दररोज तुला सांगायचो."

"मी दररोज 'हो का' म्हणायचे."

ऊन कलेपर्यंत ते दोघं तिथेच होते. उतरताना इंजिनवाल्याने सांगितलं, तोडणाऱ्याचा कागद मोठ्या साहेबांच्या सहीसाठी अडकलाय. सही आली की बोट ओढून नेतील. कधी येईल, सांगता येत नाही. कप्तानांनी उभ्या आयुष्यात सरकारी कामाला इतक्या मनापासून उशीर चिंतला नव्हता.

रस्त्यावर आल्याबरोबर बाईंनी त्यांचा दंड पकडला.

"अहो! रस्ता हलतोय."

कप्तान त्यांच्याकडे बघत राहिले.

"खरंच हलतोय. पाय टाकला की... अगंबाई. तुम्हाला रोज असंच होतं?"

"रोज."

"मग मला सांगायचं नाही नीट?"

"सांगितलं असतं तर तू मेथी वाढवली असतीस."

बाईंना हसू आलं, आणि हसताना तोल गेला. कप्तानांनी त्यांना सावरलं, तेव्हा त्यांचाही गेला. बसचा थांबा समोर होता, बसही उभी होती, तिच्यातले लोक खिडकीतून या दोन वयस्क माणसांकडे बघत होते. बस गेली.

"पाय जरा फाकून टाक," कप्तान म्हणाले. "गुडघा सैल सोड. आणि घाई करू नकोस, लाट येणार असेल तर येईल."

"आणि नाही आली तर?"

कप्तानांनी बाईंचा हात आपल्या हातात घट्ट अडकवून घेतला, आणि पुलाकडे न वळता ती दोघं पाण्याच्या कडेच्या लांबच्या रस्त्याने, एकमेकांवर आपटत, हळूहळू घरी निघाली.